लवणातली छत्तीस झाडं

३ मे २०२५

चि. नवल,

आशीर्वाद. हा शब्द सवयीनं लिहिला गेला. मनात सध्या आशीर्वादासारखं काही नाही.

काल फोनवर तू म्हणालास, "अक्का, जे काय असेल ते लेखी दे," आणि फोन ठेवलास. लेखी दे! मी काय तुझ्या ऑफिसात अर्ज घेऊन उभी राहिलेली बाई आहे? तुला पाटी धरायला मी शिकवलं, तुझ्या दहावीच्या परीक्षेला तापात असताना तुझ्याबरोबर साक्रीपर्यंत एसटीत उभी राहून आले, आणि आता मी लेखी द्यायचं. बरं, देते. अंगणवाडीची रजिस्टरं भरून भरून माझा हात चांगला चालतो.

परवा एक तारखेला गावात ग्रामसभा झाली. आबा पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते, एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला मान म्हणून. तुमच्या डोंगरी फळबाग प्रकल्पाचा कागद वाचायला घेतला तेव्हा ते सावरून बसले, कारण त्यावर आपल्या मुलाची सही आहे हे त्यांना माहीत होतं. मग सगळ्या गावासमोर वाचलं गेलं: "प्लम प्रात्यक्षिक प्लॉट. शेतकरी पुना आबा. झाडे छत्तीस. निष्कर्ष अयशस्वी. कारण, शेतकऱ्याचा निष्काळजीपणा."

मागून भटू ओरडला, "आबा, आंडोरनीच तुमले नापास कयं!" मुलानंच बापाला नापास केलं म्हणून लोक हसले. भटूचा राग मला नाही, त्याला दर सभेत काहीतरी बोलायचंच असतं. मला राग तुझा आहे. आबा उठले आणि घरी आले. गेल्या तीन दिवसांत ते शेतात गेलेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "मी निष्काळजी शे. वावरमा जाईसन काय करू?"

ज्या माणसानं आयुष्यात दोन दिवस सलग शेत सोडलं नाही, आई गेली तेव्हासुद्धा दुसऱ्या दिवशी पाणी द्यायला गेला, त्याच्या नावापुढे तू हा शब्द लिहिलास. जळगावला पंख्याखाली बसून लिहिलास.

माझी मागणी एकच आहे. तो शब्द काढ. नुसता माझ्यासमोर नको, कागदावरून काढ, आणि जिथं वाचला गेला तिथं नवा कागद वाचला जाऊ दे. तू म्हणशील, खाली आबांची सही आहे. आहे. त्याचं पुढे बघू.

तुझी अक्का,
नूतन


१३ मे २०२५

चि. नवल,

तुझं उत्तर मिळालं. मला नाही, तुझ्या मेहुण्यांच्या मोबाइलवर! "अक्काला सांगा, अहवाल निकषांप्रमाणे आहे, भावनेच्या भरात काही बोलू नये." प्रेमराजरावांनी तो निरोप वाचला, चष्मा काढला आणि "हे तुमचं बहीणभावांचं, मला यात ओढू नका" असं म्हणून नरडाण्याच्या ड्युटीला निघून गेले. शहाणा माणूस आहे.

भावनेच्या भरात म्हणे. ठीक आहे, भावना बाजूला ठेवते. जे घडलं ते लिहिते, बघ कुठे खोटं आहे.

चार वर्षांपूर्वी आषाढात तू ती रोपं घेऊन आलास. उत्तरेत कुठे दौऱ्यावर गेला होतास, तिथून प्लमचं भूत डोक्यात घेऊन आलास. या जातीला फुलायला थंडी कमी लागते, म्हणून आपल्याकडे चालेल, असं तू ओट्यावर बसून तासभर समजावलंस. आबा ऐकत होते. मग जागेचा विषय निघाला. तुला लवण हवं होतं, खालचा खोलगट तुकडा, कारण तिथं विहीर आहे आणि रस्त्यावरून प्लॉट दिसतो. तुमच्या लोकांना गाडीतून न उतरता बाग दिसायला पाहिजे ना.

आबा म्हणाले, "आठे हिव बठस, भाऊ. वर लाव."

तू हसलास. "आबा, हिव काय म्हैस आहे का बसायला?" तुझ्याबरोबर आलेला तो क्लार्क पंडितही हसला. मीसुद्धा हसले, ते कबूल करते.

पण आबांनी तुला दाखवलं होतं. प्रत्येक माघात लवणातल्या हरभऱ्याचे शेंडे करपतात आणि वरच्या चढावरचा हरभरा हिरवागार असतो, हे त्यांनी पन्नास वर्षं बघितलंय. थंडी चढावरून खाली सरकते आणि त्या खोलगट तुकड्यात मुक्काम करते. तू मात्र पिशवीतून कागद काढलास आणि तालुक्याचं सरासरी तापमान वाचून दाखवलंस. लवणाचं तापमान तुझ्या कागदात नव्हतं.

रोपांच्या बंडलात चार रोपं दुसऱ्याच जातीची निघाली, नर्सरीवाल्याच्या चुकीनं आलेली. तू म्हणालास, ही उशिरा फुलणारी आहेत, आपल्या हिशेबातली नाहीत, फेकून द्या. आबांना जिवंत रोप फेकणं जमत नाही. त्यांनी ती वर, गोठ्यामागच्या चढावर लावली. एक मेलं, तीन जगली. खालच्या छत्तिसांना मात्र तू लिहून दिलं होतंस तसं सगळं मिळालं. आळी, शेणखत, ठिबक, बुंध्याला चुना. उन्हाळ्यात उसाचं पाचट आणून त्यांनी अंथरलं. निष्काळजीपणा!

गेल्या वर्षी पहिल्यांदा फुलं आली. जानेवारीच्या शेवटी लवण पांढरं झालं, गाव बघायला आलं, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कडाका पडला. यंदाही तेच. आठ, नऊ, दहा फेब्रुवारी, तीन दिवस पहाटे गवतावर मिठासारखं पांढरं साचलं होतं. आबा तिन्ही दिवस अंधार असताना उठून खाली गेले, ओला पालापाचोळा पेटवून धूर करत बसले. छातीत कफ भरला तो होळीपर्यंत गेला नाही. धुरानं काही होत नाही हे तुला माहीत असेल, त्यांना माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की मुलाची बाग आहे.

आणि तू कधी आलास? तेरा तारखेला, सकाळी अकरा वाजता, उन्हात. गाडी रस्त्यावर, तू रस्त्यावर. पांढरी फुलं बघितलीस आणि वहीत "फुलोरा उत्तम" लिहिलंस. नवल, तू एक तरी फूल उघडून बघायला हवं होतंस. पाकळ्या पांढऱ्याच होत्या, पण पोटात काळं पडलं होतं. मी नखानं वीस फुलं उघडली, वीसच्या वीस काळी. फळ धरणार कुठून?

तुझ्या वहीत मात्र फुलोरा उत्तम. मग फळ आलं नाही म्हणजे म्हाताऱ्यानं पाणी दिलं नसणार. असा तो शब्द जन्माला आला, खरं की नाही? हे भावनेच्या भरात लिहिलेलं नाही. आता उत्तर दे, आणि मला दे. माझ्या नवऱ्याला नको.

अक्का


२७ मे २०२५

नवल,

चि. वगैरे आज लिहीत नाही.

रविवारी मी जळगावला येऊन गेले हे तुझ्या बायकोनं, मेघानं सांगितलंच असेल. कॉलनीच्या कोपऱ्यावर वळले तेव्हा तुझी गाडी दारात होती. मी फाटक उघडेपर्यंत गाडी नव्हती. मेघा म्हणाली, "अक्का, त्यांची अचानक मीटिंग निघाली." रविवारी! बिचारीला खोटं बोलताही येत नाही, कान लाल झाले होते. तिनं चहा केला, शेवभाजी करते, जेवून जा म्हणाली. मी थांबले नाही. स्टँडवर बसून डब्यातली भाकरी खाल्ली.

पिशवीत अकरा प्लम ठेवून आले होते. ते त्या तीन झाडांचे आहेत, तू फेकायला सांगितलेल्या. ती झाडं फेब्रुवारीच्या अखेरीस फुलतात, थंडी गेल्यावर. यंदा तिन्हींना मिळून दोन टोपल्या फळ लागलं. आणखी एक सांगते. पहिल्याच वर्षी आबांनी लवणातलं एक झाड मुळासकट काढून वर नेऊन लावलं होतं, तुला न सांगता. म्हणजे तुझ्या कागदावर छत्तीस असली तरी खाली पस्तीसच आहेत, मोजायला तरी उतरायचं होतंस. ते वरचं झाड खालच्यांबरोबरच फुलतं, लवकर. पण त्याची निम्मी फुलं वाचली आणि सात फळं धरली. जात तीच, आणि जागा बदलली तर सात फळं. जात बदलली आणि जागाही बदलली तर दोन टोपल्या. एवढं गणित मला अंगणवाडीवाल्या बाईला कळतं.

पण मी जळगावला आले ते प्लम द्यायला नाही. गेल्या गुरुवारी सुगंधाबाई आली होती, पलीकडच्या पाड्यावरची. तिच्या हातात तुमच्या प्रकल्पाचा फॉर्म होता, भरून द्या म्हणाली. येत्या पावसाळ्यात साठ कुटुंबांना प्लमची रोपं. मी फॉर्म वाचला आणि डोक्यात तिडीक गेली. तीच जात, नवल! लवकर फुलणारी तीच! जागा, "विहिरीजवळची सपाट अथवा खोलगट जमीन." साठच्या साठ घरं डोंगराकडची, जिथं माघाचा कडाका ठरलेला.

तेव्हा मला तुझ्या त्या शब्दाचा खरा अर्थ कळला. मी इतके दिवस आबांच्या नावासाठी भांडत होते. पण माणूस निष्काळजी ठरला की झाड निर्दोष ठरतं. जात बरोबर, जागा बरोबर, साहेब बरोबर, फक्त म्हातारा चूक. म्हणून तीच रोपं पुढे साठ घरांत. ती माणसं चार वर्षं पाणी घालतील, पाचट अंथरतील, धूर करतील, आणि मग तुमचा पंडित येऊन प्रत्येकाच्या नावापुढे तोच शब्द लिहील. शब्द तयारच आहे, फक्त नाव बदलायचं.

सुगंधाबाईनं जमिनीचा एक तुकडा बाजरी न पेरता मोकळा ठेवलाय. तिनं मला विचारलं, "ताई, तुमना भाऊनं झाड शे, मंग चांगलंच व्हई ना?"

साक्रीला सोळा जूनला लाभार्थ्यांची सभा आहे, त्या दिवशी यादी पक्की होणार. तेवढे दिवस तुझ्या हातात आहेत.

नूतन


५ जून २०२५

नवल,

तुझं पत्र आलं. चार ओळींचं, पण पोस्टानं आलं, तुझ्या अक्षरात आलं. ते मी तीनदा वाचलं.

तू लिहितोस: "अक्का, अहवाल आबांना तूच वाचून दाखवलास. त्यांनी ऐकून सही केली. तो शब्द तेव्हाही तिथंच होता. तेव्हा तू का बोलली नाहीस?"

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, सहीचं पुढे बघू. मला वाटलं होतं बघावं लागणार नाही. तू बघायला लावलंस.

अठ्ठावीस मार्चला पंडित मोटरसायकलवर आला. उन्हाचा आला होता, घाईत होता, अजून तीन गावं करायची म्हणाला. मोटरसायकल बंदसुद्धा केली नाही त्यानं. आबांना सही येते, पण छापील वाचता येत नाही, म्हणून मी वाचायला घेतलं. झाडांची संख्या वाचली, लागवडीची तारीख वाचली, फुलोरा उत्तम वाचलं. तिथं आबांनी मान वर केली. मग कारणाच्या रकान्यावर आले. तो शब्द मला दिसला. पूर्ण दिसला, एकेक अक्षर दिसलं. आणि मी वाचलं, "कारण, हवामान." पुढचं सगळं नीट वाचलं.

का वाचला नाही ते तुला सांगते. खाली तुझी सही होती, निळ्या शाईची, तुझ्या नावापुढे ते पद. गावात मी सगळ्यांना सांगत फिरते की माझा भाऊ साहेब आहे. मला वाटलं, साहेबानं लिहिलंय म्हणजे ऑफिसात काहीतरी कारण असेल, कागदापुरतं असेल, कपाटात जाईल. आबांना कशाला दुखवा, आणि पंडितसमोर तुझी फजिती कशाला करा. एका शब्दानं तुम्हा दोघांना सांभाळते आहे असं मला वाटलं. आबांनी सही केली. पंडितला मी ताक दिलं.

तर हे असं आहे. ज्या माणसानं लिहिलं तो तू आणि जिनं लपवलं ती मी. तुझ्यावर इतकी ओरडते आहे त्यातलं निम्मं ओरडणं कुणावर आहे ते मला माहीत आहे. आबांना हे मी अजून सांगितलेलं नाही. सांगायला तोंड नाही.

पण म्हणून तू सुटलास असं समजू नकोस! माझ्या चुकीनं तुझी चूक धुतली जात नाही. तू फळबागांचं शिकलेला माणूस आहेस. तुला माहीत आहे की ज्या झाडाला थोडी थंडी पुरते ते लवकर जागं होतं आणि उशिराच्या कडाक्यात सापडतं. ज्याला खूप थंडी लागते ते आपल्याकडे जागंच होत नाही. म्हणजे मधलं शोधायला हवं होतं, आणि ते चढावर लावायला हवं होतं. मी हे पुस्तकात वाचलेलं नाही. तीन झाडं आणि छत्तीस झाडं बघून मला कळलं. तुला तर पगारच याच्यासाठी मिळतो.

सोळा तारखेला मी साक्रीला येणार आहे. माईकसमोर उभी राहून सांगणार आहे की मी पुना आबांची मुलगी, स्टेजवरच्या साहेबांची बहीण. तो अहवाल चुकीचा आहे, आणि तो मी माझ्या बापाला चुकीचा वाचून दाखवला. माझी लाज निघेल ती निघू दे. साठ घरांत ती रोपं मी जाऊ देणार नाही.

तुला आधी कळवते आहे, मागून वार करत नाही.

नूतन


१७ जून २०२५

नवल,

काय माणूस आहेस तू!

चार दिवस मी भाषण पाठ करत होते. भाकरी थापताना, अंगणवाडीत खिचडी वाटताना. पोरांना कविता शिकवताना मध्येच "उपस्थित बंधू-भगिनींनो" म्हणाले. प्रेमराजरावांनी रजा काढली, मला एकटीला जाऊ देणार नाही म्हणाले, आणि वाटेत एसटीत "आवाज चढवू नको" असं बारा वेळा सांगितलं. सभेत मी पहिल्या रांगेत बसले, हातात कागद. तू स्टेजवर, तुझे वरिष्ठ तुझ्या शेजारी. माझं नाव पुकारण्याआधीच तू उठलास आणि माईक घेतलास.

तू वाचलंस: "दुरुस्त अहवाल. प्लम प्रात्यक्षिक प्लॉट, शेतकरी पुना आबा. शेतकऱ्याने सर्व सूचना पाळल्या. अपयशाचे कारण, उशिराच्या थंडीसाठी चुकीची जात व चुकीची जागा. निवड करणारा, नवल पुना, प्रकल्प अधिकारी. शेतकऱ्याने जागेबाबत दिलेला इशारा दुर्लक्षित करण्यात आला." तुझे वरिष्ठ तोंडावर रुमाल धरून उठून गेले. मागचे लोक चिडले, कुणी म्हणालं, मग आम्हाला दोन महिने फॉर्म भरायला का लावलं? बरोबरच होतं त्यांचं. तू खाली मान घालून ऐकून घेतलंस.

आणि मग सुगंधाबाई उठली. "मंग आते कोनतं झाड लावानं, साहेब?" मला वाटलं आता इंग्रजी नावं काढशील. तू म्हणालास, "बाई, माले अजून माहीत नही. तीन झाडं शेतस आम्हना आबानी लायेल, तेसनं कलम करसूत, चढवर लाईसन दोन हिवाळा देखसूत. मंगच सांगसू." पंधरा वर्षांत तुझ्या तोंडून अहिराणी ऐकली नव्हती मी. फोनवरसुद्धा तू माझ्याशी ऑफिसचं बोलतोस. सुगंधाबाई म्हणाली, मग तोवर मी बाजरी पेरते. आणि बसली. सगळ्या सभेत तुला सरळ उत्तर तिनंच दिलं.

मी बोललेच नाही. माझा कागद तसाच घडी करून पर्समध्ये. मला आनंद झाला, तो कबूल करते. पण मला आधी सांगता आलं असतं ना! एक फोन! मी चार दिवस जेवले नाही नीट. आणि सभा संपल्यावर तू मागच्या दारानं गाडीत बसून गेलास. बहिणीला भेटायचं तरी होतंस. ही पळायची सवय सोड.

तुझी,
अक्का


३० जून २०२५

चि. नवल,

दुरुस्त अहवालाची प्रत पंडित आणून देऊन गेला. सोबत बातमीही त्यानंच दिली. तुझी चौकशी लागली आहे. चुकीची निवड, प्रकल्पाचं नुकसान, वरिष्ठांना अंधारात ठेवलं, वगैरे. मंगळवारी, आठ जुलैला तिघं जण प्लॉट बघायला येणार आहेत. हे तू मला कळवलं नाहीस. का कळवशील!

ती प्रत मी आबांना वाचून दाखवली. पण आधी मार्चचं सगळं सांगितलं. पाय धरले. म्हणाले, "माले माहीत व्हतं. वाचता वाचता तू अटकनी व्हती." मी विचारलं, मग सही का केली? "नवलनं काम व्हतं," म्हणाले. बस्स, एवढंच.

मग मी दुरुस्त अहवाल वाचला, शब्दन् शब्द. शेतकऱ्याने सर्व सूचना पाळल्या. मला वाटलं आता त्यांचा चेहरा खुलेल. आठ आठवडे मी याच क्षणासाठी तुझ्याशी भांडले. जळगावची फेरी केली, माझी लाज चव्हाट्यावर मांडायला निघाले. तुझं नाव आलं तिथं त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"नवलनं नाव कसाले लिखं तठे?"

"त्यानंच लिहिलंय आबा, स्वतःच."

"त्याले अक्कल नही. तुले ते शे ना? तू कसाले लिखू दिनं?"

म्हणजे चूक माझी! तुझी नाही, पंडितची नाही, माझी! त्यांचं नाव खराब झालं तेव्हा दोन महिने खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले, एक अक्षर तक्रारीचं काढलं नाही. तुझ्या नावाला धक्का लागला तर माझ्यावर ओरडले. मला इतका राग आला की मी कागद तिथंच टाकून माझ्या घरी निघून आले. लग्न झाल्यापासून दोन गल्ल्या ओलांडून रोज त्यांचं बघते मी, नवल. एवढं तर मला म्हणू दे.

काल सकाळी भाकरी घेऊन गेले तर खाट रिकामी. मी घाबरले. लवणात सापडले. दोन महिन्यांत पहिल्यांदा शेतात, भुसभुशीत ओल्या मातीत अनवाणी, खुरपं घेऊन. पस्तीस झाडांपैकी अकरांची आळी नव्यानं बांधून झाली होती. गवत काढलेलं, बुंधे साफ. मी म्हटलं, आबा, ही झाडं आता उपटायचीच आहेत, हे कशाला? ते वर न बघता म्हणाले, "साहेब लोक येतीन. बाग चांगली दिसनी पाहिजे."

मग बसून भाकरी खाल्ली आणि मला त्यांचा बेत सांगितला. मंगळवारी ती तीन माणसं आली की आबा त्यांना सांगणार आहेत, जागा मीच दाखवली होती. नवल वर लाव म्हणत होता, मीच ऐकलं नाही, म्हाताऱ्याचा हट्ट. "सांगसू, हट्ट मनाच व्हता. म्हातारा माणूसले कोन काय करस?" आणि हसले. बेत जमल्यासारखे हसले.

मी म्हटलं, आबा, हे खोटं आहे. ते म्हणाले, तू वाचलं तेव्हा खोटंच वाचलं होतंस.

तेव्हा आता मी तुला मागते आहे, आणि या वेळी ओरडून नाही. ते माझं ऐकणार नाहीत. माझं त्यांनी कधी ऐकलेलं नाही. तुझं ऐकतात, म्हणूनच हे सगळं झालं. त्यांचं नाव आत्ता कुठे स्वच्छ झालंय आणि तुझ्यासाठी ते स्वतःच्या हातानं पुन्हा खराब करायला निघालेत, आणि त्यांना त्याचा आनंद होतोय. हे तुझ्याशिवाय कुणी थांबवू शकत नाही. ये आणि त्यांच्यासमोर, त्या तिघांसमोर सांग की जागा तू निवडलीस. त्यांनी तोंड उघडायच्या आधी सांग.

ती माणसं दहाला येणार आहेत. तू नऊला ये. आबा आठपासून लवणाच्या बांधावर बसलेले असतील.

तुझी अक्का